मागची बाजू

रविवार कारंजावरून आत वळलात
की तिसऱ्या बोळात माझा छापखाना.
निवडणूक लागली की तिथे रात्रभर शाई वाळत असते
आणि सगळे उमेदवार हात जोडून
एकमेकांच्या पाठीवर, गठ्ठ्यात.

हेमलता खैरनार आल्या भर दुपारी, चालत.
महापालिकेच्या लेखा विभागात तीस वर्षं, आता अपक्ष.
चिन्ह मागितलं होतं कॅल्क्युलेटर,
चिठ्ठीत निघाला फुगा.
‘चालेल,’ म्हणाल्या,
‘तीस अंदाजपत्रकं फुगताना पाहिलीत.
एकदा सांगून फुगवू.’

मी नेहमीचा साचा उघडला.
वर फोटो, खाली ‘आपल्या हक्काची ताई’.
‘ताई काढ. आणि मागची बाजू कोरी का?’
मागचं कोणी वाचत नाही, म्हटलं.
‘मग माझं सगळं मागेच घे.’

लिही, म्हणाल्या.
रुपया येतो, त्यातला एवढा पगाराला,
एवढा पंपांच्या विजेला,
गंगापूर धरणातलं पाणी आपल्या पायांनी येत नाही.
उरतं त्यावर आधीच कुणाकुणाचं नाव.
त्याला दायित्व म्हणतात:
वाढदिवस यांनी करायचा,
केकची उधारी पुढच्यांनी फेडायची.

मखमलाबादच्या अंगाला द्राक्षाचे मळे होते,
आता कमानीवर नाव तेवढं: ग्रेप व्हॅली, फेज दोन.
माणसं राहायला गेली. ड्रेनेज मागून निघालंय,
अजून वाटेत आहे.
सगळे म्हणतात शहरानं बाळसं धरलं.
बोट दाबून बघ.
खळगा राहतो.

निळ्या रेषेच्या आत इमारत उठते,
मग गोदावरी स्वतः येऊन मोजून जाते,
दुतोंड्याच्या कमरेपर्यंत, छातीपर्यंत.
गावात एवढं एकच ऑडिट वेळेवर होतं.

सिंहस्थाचा पैसा म्हणजे बारा वर्षांनी येणारा पाहुणा.
त्याच्यासाठी भिंती रंगवायच्या,
तो गेला की रंगाऱ्याला तोंड चुकवायचं.

आणि जादा विषय लिही.
रात्री साडेआठ, सभागृहात सात जण, तिघे फोनवर.
मंजूर, मंजूर, मंजूर.
एका प्रभागाला नगरसेवक चार,
खड्डा मात्र पोरका.

मी टाइप करता करता विचारलं,
निवडून आलात तर कराल काय?
बाई थांबल्या.
पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.
‘घरपट्टी वाढवावी लागेल. तेही छाप.’
नका हो छापू, मी स्वतः तीन वर्षं भरलेली नाही.
‘माहीत आहे. चौदा हजार दोनशे.
नोटिशीवर सही माझीच होती.’

पैसे आगाऊ दिले. पावती मागितली.
पावतीपुस्तक शोधण्यात माझा अर्धा तास गेला.
मागच्या निवडणुकीचे सत्तेचाळीस हजार
अजून तिघांकडून यायचेत,
त्यातला एक यंदा फ्लेक्सवर ‘पारदर्शक कारभार’ झालाय.
तो फ्लेक्सही मीच केला, उधारीवर.

निकालाच्या दिवशी पेपरवाल्यांनी
बाईंची मतं ‘इतर’मध्ये टाकली.

उरलेली पत्रकं घेऊन माझी मुलगी गणितं सोडवायला बसली.
बाकीच्यांच्या मागे जागाच जागा.
एक हातात आलं, तिनं उलटसुलट केलं.
‘पप्पा, यावर आधीच कोणीतरी गणित मांडलंय.
उत्तर नाहीये पण.’

बाहेर घंटागाडी उभी, ओला वेगळा, सुका वेगळा.
गठ्ठा दिला. ते एक ठेवून घेतलं,
ड्रॉवरमध्ये, नोटिशीजवळ.
नोटीस उघडून पहिल्यांदाच
खालची सही नीट बघितली.
सुवाच्य आहे. सगळी अक्षरं लागतात.